वेतनस्तरांची पुनर्रचना आणि वनजिल्ह्यांतील चतुर्थश्रेणी कर्मचारी : एक चिकित्सा

सातव्या वेतन आयोगाचा 2.57 हा गुणक सर्वांना सारखा, म्हणून समन्यायी मानला जातो. प्रस्तुत लेखकास हे मत मान्य नाही. केंद्रातील शिपायाचे 7000 रुपयांचे 18000 झाले. महाराष्ट्रात मात्र 4440 आणि ग्रेड वेतन 1300 मिळून होणाऱ्या 5740 चे 15000. प्रमाण तेच राहिले हे खरे, पण किराणा रुपयांत घ्यावा लागतो, आणि रुपयांतील दरी 1260 वरून 3000 वर गेली. गडचिरोलीतील कर्मचाऱ्यांना 2002 च्या शासन निर्णयाने दिलेली एकस्तर वेतनश्रेणी हा दिलासाच. तथापि तो नेमणूक तेथे असेपर्यंतचा. चंद्रपूरच्या जंगलात उन्हाळ्यात वणवा विझविणारा रोजंदारी वनमजूर तर या वेतनसारणीत कोठेच नाही; गुणक लावावा असे मूळ वेतनच त्याला नाही.