जवळ असणे आणि अंगी असणे : ‘स्मृतिचित्रे’तील धनविचार

‘खरा श्रीमंत कोण?’ हा प्रश्न नीतिपाठांतला समजून साहित्याचा अभ्यासक सहसा बाजूस ठेवतो. उत्तर आधीच ठरलेले असते : ज्याचे मन मोठे तो श्रीमंत. इतक्या सहजपणे हाती येणाऱ्या उत्तरात विचार करण्यासारखे काही उरलेले नसते, हेही खरे. परंतु मराठीतील ख्रिस्ती वाङ्मयात हा प्रश्न एका ठिकाणी अगदी निराळ्या रीतीने उभा राहिला आहे. तेथे तो प्रवचनकाराने विचारलेला नाही. महिनाअखेरीस घर चालविणाऱ्या स्त्रीने विचारलेला आहे. ते ठिकाण म्हणजे लक्ष्मीबाई टिळक यांची ‘स्मृतिचित्रे’. या ग्रंथातील विनोद, सरळपणा आणि बोलीचा जिवंतपणा यांविषयी पुष्कळ लिहिले गेले आहे. त्यातील धनविचाराकडे मात्र, आमच्या मते, पुरेसे लक्ष गेलेले नाही. प्रस्तुत लेखात भाषाशास्त्राच्या वाटेने त्या विचाराकडे जाण्याचा प्रयत्न आहे.

आरंभ मराठीच्या एका सर्वपरिचित विशेषापासून करू. मालकी सांगणारे स्वतंत्र क्रियापद मराठीत नाही. लॅटिनमधील ‘हाबेरे’ किंवा ग्रीकमधील ‘एखेइन’ या धातूंनी जे काम होते, ते आपण ‘असणे’ या क्रियापदाला निरनिराळे प्रत्यय आणि शब्दयोगी अव्यये जोडून करतो. ‘मला दोन भाऊ आहेत’, ‘त्याची दोन शेते आहेत’, ‘तिच्याजवळ शंभर रुपये आहेत’, ‘तिच्या अंगी धैर्य आहे’, या चार वाक्यांत ‘असणे’ एकच आहे. असण्याची जागा मात्र चार प्रकारची आहे. नाती ‘ला’ने सांगितली जातात, स्थावर बहुधा ‘चा, ची, चे’ने. पैसा व जंगम वस्तू ‘जवळ’, ‘कडे’ किंवा ‘पाशी’ असतात, आणि गुण ‘अंगी’ असतात. या जागांची अदलाबदल भाषा सहजी होऊ देत नाही. ‘माझ्या अंगी पैसे आहेत’ असे कोणी म्हणत नाही. वऱ्हाडी शेतकरीसुद्धा ‘माह्यापाशी’ पैसे आहेत असेच म्हणतो. पैसा माणसाच्या जवळ येऊन थांबलेला आहे, तो माणसात मिसळलेला नाही, एवढा भेद आपल्या रोजच्या वाक्यरचनेत नांदत आहे.

आता नव्या कराराकडे वळू. धनाविषयीची ख्रिस्ती शिकवण ज्या कथांवर उभी आहे, त्यांतील दोन येथे पुरेशा आहेत. पहिली मार्काच्या शुभवर्तमानातील धनवान माणसाची. सर्वस्व विकून गरिबांना देण्यास सांगितल्यावर तो खिन्न होऊन निघून जातो. त्याचे कारण सांगताना मूळ ग्रीक वाक्यात ‘एखेइन’ धातूचे धातुसाधित योजले आहे. तो माणूस त्या क्षणी ‘मालमत्ता धारण करीत असलेला’ म्हणून समोर उभा केला आहे. मराठी भाषांतरकाराला हे वाक्य ‘जवळ असणे’ किंवा तत्सम रचनेतच आणावे लागते. मूळ वाक्यातील पकड तीत सुटते हे खरे. पण त्याबरोबर एक अर्थ उजळूनही निघतो. जे नुसते जवळ होते तेच त्या माणसाला सोडवले नाही.

दुसरी कथा लूकच्या शुभवर्तमानातील, अमाप पीक आलेल्या धनिकाची. तो मोठी कोठारे बांधण्याचा बेत करतो आणि त्याच रात्री त्याचे आयुष्य संपते. त्याच्या स्वगतात ‘माझे’ या अर्थाचे षष्ठ्यन्त सर्वनाम वारंवार येते : पीक माझे, कोठारे माझी, जीवसुद्धा माझा. शेवटी देव त्याला प्रश्न करतो तो मात्र षष्ठीत नाही. साठविलेले हे सारे कोणाला असणार, अशा चतुर्थ्यन्त रचनेत तो आला आहे. कथेचा सारा आघात या विभक्तिबदलात सामावला आहे असे म्हटले तर अतिशयोक्ती होणार नाही. धन असणे हा त्या माणसाचा अपराध नव्हे. जवळ असलेल्या वस्तूला त्याने जिवाच्या पंक्तीस नेऊन बसविले, हा त्याचा प्रमाद होय. नव्या करारात ‘मामोन’ हा अरामी शब्द ग्रीकमध्ये भाषांतर न करता तसाच ठेवला आहे. त्याची व्युत्पत्ती ‘भरवसा ठेवणे’ या अर्थाच्या धातूकडे अनेक विद्वान नेतात; ‘आमेन’ हा शब्दही त्याच धातूचा. ही व्युत्पत्ती ग्राह्य धरल्यास प्रश्न संपत्ती किती हा राहत नाही, भरवसा कशावर हा राहतो.

येथे एक इशारा देणे अवश्य आहे. मराठीत ‘जवळ’ म्हणतात म्हणून मराठी माणूस अनासक्त, असा निष्कर्ष काढणे हास्यास्पद होईल. रशियन भाषाही पैसा माणसा‘पाशी’ असल्याचेच सांगते. हिंदीतही ‘के पास’ आहे. लोभ या भाषांतून काही हद्दपार झालेला नाही. प्रस्तुत लेखक अकोल्यातील जठारपेठेत राहतो. अमेरिकेतील यादवी युद्धाच्या काळात, म्हणजे 1861 ते 1865 या वर्षांत, वऱ्हाडच्या कापसाला सोन्याचे मोल आले आणि युद्ध संपताच ते उतरले. पैसा ‘पाशी’ येतो आणि जातो, हे या भागाला व्याकरणाने शिकवावे लागले नाही. परंतु त्या ज्ञानाने सावकारी थांबली नाही, की कर्जापायी शेतकऱ्याने जीव देणेही थांबले नाही. व्याकरण शहाणपण देत नाही. शहाणपण मांडावयास जागा तेवढी देते. ती जागा कोणी कशी भरली, हे पाहणे साहित्याच्या अभ्यासकाचे काम.

नारायण वामन टिळक (1861–1919) यांनी ती जागा त्यागाने भरली. नागपुरास आप्पासाहेब बुटी यांच्यासारख्या धनिकाचा आश्रय त्यांना लाभला होता. पुढे 1893 साली राजनांदगावकडे जाताना आगगाडीत एका युरोपीय सहप्रवाशाने त्यांना नवा करार दिला, आणि 1895 च्या फेब्रुवारीत मुंबईस त्यांनी बाप्तिस्मा घेतला. 1917 साली त्यांनी मिशनची पगारी नोकरी सोडून संन्यस्त वृत्तीने राहण्याचे ठरविले. त्यांच्या चरित्राची ही बाह्य रेषा उदात्त आहे आणि चरित्रकारांनी ती तशीच रंगविली आहे.

‘स्मृतिचित्रे’ 1934 पासून भागशः प्रसिद्ध झाली आणि या रेषेची आतली बाजू वाचकांपुढे आली. टिळकांच्या हाती पैसा ठरत नाही. तो कोणाच्या तरी गरजेकडे, कधी एखाद्या लहरीकडेही, निघून जातो. मागे उरते रिकामी चूल, येऊ घातलेले पाहुणे आणि लक्ष्मीबाई. त्या हे सारे हसत हसत सांगतात. पण हे हसणे केवळ विनोदाचे मानले तर ग्रंथाचा गाभा निसटतो. त्या हसण्यात एक हिशेब आहे. टिळक देतात ते केवळ टिळकांजवळचे नसते. ते घराजवळचे असते. विधवेने मंदिरात टाकलेली दोन नाणी तिची स्वतःची होती. धनवान माणसाला विकावयास सांगितले तेही त्याचेच होते. परंतु पतीने पत्नीच्या वाटणीची भाकर दान केली, तर ते दान कोणाच्या खाती जमा व्हावे? शुभवर्तमानाच्या टीकाकारांनी क्वचितच विचारलेला हा प्रश्न लक्ष्मीबाईंचा ग्रंथ, तसा शब्दही न उच्चारता, वाचकाच्या मनात उभा करतो.

या ठिकाणी मराठीचा आणखी एक विशेष साहाय्यास येतो. आपली भाषा ‘आम्ही’ आणि ‘आपण’ असा भेद करते. ‘आमच्याजवळ’ यात ऐकणारा वगळलेला असतो. ‘आपल्याजवळ’ यात तो सामील असतो. टिळकांचा त्याग ‘माझ्याजवळ काही नको’ या सूत्राचा आहे. त्याची थोरवी नाकारता येत नाही. तथापि ते सूत्र अखेर एकवचनी आहे. लक्ष्मीबाईंचा संसार ‘आपल्याजवळ काय आहे’ या विचाराने चालतो. घरी आलेले परके मूलही त्या ‘आपल्या’त येते. त्यांच्या धनविचारात दारिद्र्याचे कौतुक नाही, कारण दारिद्र्य त्यांनी पाहिले आहे. धनाची निंदाही नाही, कारण त्यावाचून मुलांच्या पोटात काय पडणार, हे त्यांना ठाऊक आहे. आणि तरीही ग्रंथ संपतो तेव्हा वाचकाला वाटते ते हेच की, ही बाई श्रीमंत होती. त्या श्रीमंतीचा पुरावा कोणत्याही एका प्रसंगात नाही. तक्रारीला कडू न होऊ देणाऱ्या वाक्यावाक्याच्या लयीत आहे. पतीविषयीचा राग आणि आदर एकाच वाक्यात सुखाने नांदू शकतात, ही गोष्ट जवळची नव्हे, अंगची आहे.

आक्षेप असा येईल की, ही श्रीमंती स्त्रीच्या सोसण्यावर उभी आहे, आणि तिला आध्यात्मिक नाव देणे म्हणजे अन्यायाला वस्त्र नेसविणे होय. हा आक्षेप गंभीर आहे, आणि त्याला उत्तर ‘स्मृतिचित्रे’च्या आत पूर्णपणे मिळत नाही. ते शोधावयाचे तर पंडिता रमाबाई (1858–1922) यांच्या कार्याकडे पाहावे लागते. संपत्तीचा सार्वजनिक उपयोग पाहण्याची संधी त्यांना अमेरिकेत मिळाली होती. 1889 साली प्रसिद्ध झालेला त्यांचा अमेरिकेच्या लोकस्थितीवरील ग्रंथ त्याची साक्ष देतो. केडगावच्या मुक्तिसदनात त्यांनी दुष्काळात सापडलेल्या मुली आणल्या. त्यांना प्रार्थना शिकविली, तसाच उद्योगही शिकविला. तेथे शेती होती, विहिरी होत्या, माग होते आणि छापखाना होता. मूळ हिब्रू व ग्रीकवरून रमाबाईंनी केलेले बायबलचे भाषांतर त्यांच्या निधनानंतर 1924 साली प्रसिद्ध झाले, आणि त्याच्या छपाईच्या कामात तेथील स्त्रियांचे हात होते. रमाबाईंनी धन नाकारले नाही. ते ज्यांच्याजवळ कधीच नव्हते त्यांच्या हातांत कौशल्याच्या रूपाने ठेवले. जवळची वस्तू अंगची करण्याचा हा एक मार्ग होय. पैसा हिरावून घेता येतो. मुलीने शिकलेले विणकाम किंवा अक्षरजुळणी तिच्यापासून काढून घेता येत नाही.

या तिन्ही चरित्रांकडे एकत्र पाहिले असता ख्रिस्ती धनविचाराचे मराठी रूप काहीसे स्पष्ट होते. टिळकांनी ‘माझे’ सोडले. लक्ष्मीबाईंनी ‘आपले’ सांभाळले. रमाबाईंनी दुसऱ्यांचे ‘अंगचे’ वाढविले. तिघांचीही दिशा शुभवर्तमानाची आहे. पण केवळ पहिल्याला संत मानून उरलेल्या दोघींना गृहिणी आणि व्यवस्थापिका म्हणून बाजूस ठेवण्याची जी सवय आपल्या समीक्षेला लागली आहे, ती सोडावयास हवी. विशेषतः वऱ्हाडसारख्या, कर्ज आणि नापिकी यांनी पोळलेल्या प्रदेशात बसून नुसत्या अपरिग्रहाची थोरवी गाणे फार सोपे आहे, आणि म्हणूनच ते संशयास्पद आहे. ज्याच्याजवळ काहीच नाही त्याला ‘सोड’ असे सांगण्यात धर्म नाही.

विद्यार्थ्यांनी ‘स्मृतिचित्रे’ पुन्हा वाचताना एक लहानसा उद्योग करून पाहावा. पैशाचा उल्लेख येईल तेथे तो कोणत्या प्रत्ययाने वा अव्ययाने आला आहे, बोलणारा कोण आहे आणि त्या ‘आपण’मध्ये कोणाकोणाला जागा आहे, याची टिपणे करावीत. प्रस्तुत लेखातील प्रतिपादन त्या टिपणांनी दुरुस्त झाले तर लेखकाला आनंदच होईल. खरा श्रीमंत कोण, याचे उत्तर व्याकरण देणार नाही. परंतु एखाद्या माणसाच्या ‘आपण’मध्ये किती माणसे मावतात, हे त्याच्या वाक्यांवरून मोजता येते, आणि ते माप त्याच्याजवळच्या रुपयांच्या मोजणीहून अधिक खरे निघण्याचा संभव आहे.