नकार कोणाचा, दोष कोणाचा? ‘फॅशन’ चित्रपटाची चिकित्सा



या टिपणात आपण मधुर भांडारकर यांच्या ‘फॅशन’ (२००८) या हिंदी चित्रपटाची चिकित्सा करणार आहोत. प्रियांका चोप्रा आणि कंगना राणावत या दोघींनाही या चित्रपटासाठी राष्ट्रीय पुरस्कार मिळाले. तुमच्यापैकी अनेकांनी तो पाहिला असेल. पाहिला नसेल, तरी पुढील चर्चा समजायला अडचण येणार नाही.

आपला प्रश्न एकच आहे. मॉडेल, छायाचित्रकार, मेकअप आर्टिस्ट यांच्या व्यवसायात नकार रोजचा असतो. त्यावर उपाय म्हणून ‘स्वतःला विकायला शिका’ असे सांगितले जाते. हा उपाय कोणत्या नकाराला लागू पडतो आणि कोणत्या नकाराला नाही?

१. चित्रपट काय दाखवतो?

मेघना माथुर ही चंदीगडची मुलगी वडिलांचा विरोध पत्करून मॉडेल होण्यासाठी मुंबईला येते. काम मिळवायचे तर पोर्टफोलिओ हवा आणि पोर्टफोलिओसाठी पैसा हवा. तो पैसा उभा करण्यासाठी ती अंतर्वस्त्रांच्या जाहिरातीचे काम घेते आणि त्यामुळे नातेवाइकांच्या घरातला आसरा गमावते.

हा भाग चित्रपटाचे बलस्थान आहे. नोकरीच्या अर्जाला कागद आणि टपालखर्च पुरतो, पण येथे अर्जच महाग आहे. छायाचित्रकार, मेकअप, कपडे, स्टुडिओचे भाडे या सगळ्याचा खर्च, एक रुपया मिळण्याआधी, उमेदवाराने करायचा असतो. म्हणजे पहिली चाळणी चेहऱ्याची नसून खिशाची असते. भांडारकरांनी ही गोष्ट नेमकी पकडली आहे.

पण पुढे चित्रपट हा धागा सोडून देतो. मेघना शिखरावर पोहोचते, गर्विष्ठ होते, कोसळते, घरी परतते आणि शुद्ध होऊन पुन्हा उभी राहते. शोनाली व्यसनात बुडते आणि मरते. प्रत्येक पतनामागे कोणाचा तरी स्वभावदोष आहे. नकार ही व्यवस्थेची गोष्ट म्हणून सुरू झाली आणि नीतिकथा म्हणून संपली. माझा मुख्य आक्षेप हाच आहे.

२. नकाराचे गणित

समजा, एका कास्टिंगमध्ये निवड होण्याची शक्यता २० पैकी १ आहे आणि प्रत्येक कास्टिंग स्वतंत्र आहे. मग २० कास्टिंग दिल्यावर एक तरी काम नक्की मिळेल का? नाही. वीसही ठिकाणी नकार मिळण्याची संभाव्यता ०.९५ चा विसावा घात, म्हणजे सुमारे ०.३६ येते. दर १०० उमेदवारांपैकी साधारण ३६ जण काहीही न चुकता रिकाम्या हाताने परततील.

आता ‘स्वतंत्र’ हे गृहीतक तपासा. समाजशास्त्रज्ञ ॲशली मिअर्स यांनी न्यूयॉर्क आणि लंडन येथे स्वतः मॉडेल म्हणून काम करत अभ्यास केला आणि ‘प्रायसिंग ब्यूटी’ (२०११) हे पुस्तक लिहिले. त्यांच्या निरीक्षणानुसार निवड करणारे लोक एकमेकांकडे पाहून निवड करतात. कोणाला कोण घेणार आहे याची कुणकुण लागली की त्या चेहऱ्याची मागणी वाढते. ‘लूक’ म्हणजे काय, हे मात्र निवडणाऱ्यांनाही शब्दांत नीट सांगता येत नाही. म्हणजे एक होकार दुसऱ्याला खेचतो आणि एक नकारही दुसऱ्याला खेचतो. सुरुवातीचा थोडासा फरक पुढे फार मोठा होतो.

मिअर्स आणखी एक विरोधाभास दाखवतात. प्रतिष्ठित मासिकांचे काम कमी पैशांचे असते. कॅटलॉगसारखे व्यापारी काम जास्त पैशांचे, पण कमी प्रतिष्ठेचे. अनेक मॉडेल एजन्सीच्या कर्जात असतात, कारण एजन्सीने आगाऊ केलेला खर्च पुढच्या कमाईतून वळता होतो. भांडारकरांचा कॅमेरा रॅम्पवर आणि पार्ट्यांमध्ये रमतो, या हिशेबाच्या वहीकडे फारसा वळत नाही.

३. पडद्यामागचा नकार

‘फॅशन’मध्ये मेकअप करणाऱ्या व्यक्ती दिसतात, पण त्यांची गोष्ट नाही. ही उणीव किरकोळ नाही. हॉवर्ड बेकर यांनी ‘आर्ट वर्ल्ड्स’ (१९८२) या पुस्तकात मांडले की कलाकृती हे अनेकांच्या सहकार्याचे फळ असते, जरी नाव एकाचेच होत असले तरी.

आता त्याच मुंबईतला खरा प्रसंग पाहा. कॅलिफोर्नियात प्रशिक्षण घेतलेल्या चारू खुराना यांनी मुंबईच्या सिने कॉस्च्युम मेकअप आर्टिस्ट आणि हेअर ड्रेसर संघटनेकडे मेकअप आर्टिस्ट म्हणून सदस्यत्व मागितले. ते नाकारले गेले. स्त्रियांनी फक्त केशरचना करायची, मेकअपचे कार्ड पुरुषांना, असा दंडक होता. पुरुषांचे काम जाऊ नये, हे कारण. शिवाय महाराष्ट्रात पाच वर्षे वास्तव्याची अट होती. सर्वोच्च न्यायालयाने १० नोव्हेंबर २०१४ रोजी या दोन्ही अटी घटनाबाह्य ठरवल्या.

येथे थोडे थांबा. स्त्रीच्या महत्त्वाकांक्षेवरचा चित्रपट २००८ मध्ये ज्या उद्योगात तयार झाला, त्याच उद्योगात तेव्हा स्त्रीला मेकअप आर्टिस्टचे कार्ड मिळत नव्हते. खुराना यांनी आणखी चांगला पोर्टफोलिओ केला असता, आणखी ओळखी वाढवल्या असत्या, तर नियम बदलला असता का? नाही. त्यासाठी खटलाच लढावा लागला.

४. तीन प्रकारचे नकार

वरील चर्चेतून नकाराचे तीन प्रकार हाती येतात.

अ) जुळणीचा नकार: या कामाला हा चेहरा, ही शैली नको. येथे स्वतःची ओळख नीट मांडणे उपयोगी पडते. योग्य माणसापर्यंत योग्य नमुना पोहोचणे हाच उपाय आहे.

आ) खर्चाचा नकार: प्रवेशाची किंमतच परवडत नाही. येथे ‘टीएफपी’ पद्धत पुढे येते. मॉडेल, छायाचित्रकार आणि मेकअप आर्टिस्ट कोणीही पैसे न घेता काम करतात आणि सर्वांना छायाचित्रे मिळतात. नवोदितांमध्ये समान देवाणघेवाण असेल तर ती न्याय्य आहे. पण त्या छायाचित्रांतून एखादा ब्रँड कमाई करत असेल आणि बाकीच्यांना फक्त ‘प्रसिद्धी’ मिळत असेल, तर ते फुकटचे श्रम आहेत. भारतीय कायद्यात छायाचित्राचा कर्ता छायाचित्रकार मानला जातो, मोबदला देऊन काढून घेतले असेल तर एरवी पहिली मालकी काढून घेणाऱ्याची. मॉडेल आणि मेकअप आर्टिस्टच्या हाती बहुधा श्रेयनामावलीच उरते. म्हणून वापर कोण, कुठे आणि किती काळ करणार, हे आधी लिहून घ्यावे.

इ) नियमाचा नकार: दारच बंद आहे. येथे आत्मप्रसिद्धी निरुपयोगी असते. संघटन, कायदा आणि सार्वजनिक चर्चा हेच मार्ग.

‘फॅशन’ची मर्यादा अशी की तो तिन्ही नकार एकाच रंगात रंगवतो आणि सगळ्यांवर ‘मनाची ताकद’ हे एकच औषध देतो. मिअर्स यांचे पुस्तक दुसरा प्रकार उत्तम उलगडते, पण त्याच्या केंद्रस्थानी मॉडेल आहे. तिसरा प्रकार स्पष्ट दिसण्यासाठी आपल्याला न्यायालयाचा निकाल वाचावा लागतो.

५. हे तुमच्यासाठी का?

मी अभियांत्रिकीच्या मुलांना शिकवतो. कॅम्पस मुलाखतींच्या दिवसांत सहा-सात नकार पचवलेला विद्यार्थी येऊन विचारतो, “सर, माझ्यात काय कमी आहे?” कधी खरोखर तयारी कमी असते आणि तसे सांगणे माझे काम आहे. पण कधी शाखेची अट असते, कधी गुणांची, तर कधी जागाच दोन असतात. तेव्हा ‘प्रोफाइल सुधार’ एवढेच सांगितले, तर मी त्याची दिशाभूल करतो. कोणता नकार स्वतःवर घ्यायचा आणि कोणता घ्यायचा नाही, हे ओळखता येणे हे कौशल्य आहे, आणि ते शिकता येते.

विचारासाठी प्रश्न

१. निवडीची शक्यता १० पैकी १ असेल, तर १० प्रयत्नांनंतरही एकही होकार न मिळण्याची संभाव्यता काढा. ‘स्वतंत्र घटना’ हे गृहीतक तुमच्या क्षेत्रात कुठे मोडते?

२. तुमच्या भाषेतील एखादा चित्रपट निवडा. त्यातील नायकाला मिळालेले नकार वरील तीन प्रकारांत विभागा. चित्रपट कोणता प्रकार लपवतो?

३. तुम्हाला मिळालेला एक नकार आठवा. तो कोणत्या प्रकारचा होता? त्यावर तुम्ही केलेला उपाय त्या प्रकाराला साजेसा होता का?