जबानी भरपूर, तपास तोकडा

सोलापूर–हैदराबाद हमरस्त्यावर, बोरी नदीच्या काठी असलेल्या नळदुर्गाला 1853 साली एक नवा साहेब डेप्युटी कमिशनर म्हणून रुजू झाला. निजामाने कर्जापोटी इंग्रजांच्या हवाली केलेल्या मुलखातला हा जिल्हा. महसुलापासून फौजदारी खटल्यांपर्यंत सगळा कारभार त्याच्याच गळ्यात. साहेबाचे नाव फिलिप मेडोज टेलर. त्याची दुसरी ओळख इकडच्या रयतेला ठाऊक असण्याचे कारण नव्हते. चौदा वर्षांपूर्वी, 1839 मध्ये, त्याची ‘कन्फेशन्स ऑफ अ ठग’ ही कादंबरी लंडनला निघाली होती आणि विलायतेत तिने धुमाकूळ घातला होता.

या कादंबरीत तपास नाही. पकडला गेलेला, माफीचा साक्षीदार झालेला अमीर अली नावाचा ठग साहेबासमोर बसतो आणि बोलत राहतो. वाटसरूंशी मैत्री कशी करायची, रुमालाचा फास कसा टाकायचा, प्रेते कुठे पुरायची. 719 खुनांचा हिशेब तो असा देतो, की ऐकणाऱ्याला शहारे यावेत आणि त्याच वेळी पुढचे ऐकायचीही घाई व्हावी. टेलरला हे सगळे दुरून कळलेले नव्हते. तरुणपणी निजामाच्या पोलीस कामावर असताना ठगांचा माग लागण्याआधीच त्याला पलटणीत परत बोलावून घेतले गेले, आणि छडा लावल्याचे श्रेय स्लीमन या दुसऱ्या इंग्रज अधिकाऱ्याच्या वाट्याला गेले. ही रुखरुख त्याने आत्मचरित्रात लिहून ठेवली आहे. हातून निसटलेला तपास त्याने जबानीच्या रूपात भरून काढला, असे म्हणायला जागा आहे.

तपास निसटतो आणि जबानी उरते. मराठीतल्या गुन्हेकथेचे आजवरचे दुखणे नेमके हेच आहे. ते नीट कळण्यासाठी मात्र एक फेरफटका पार स्वीडनपर्यंत मारावा लागतो.

1965 साली माय श्योवाल आणि पेर वाहलो या जोडप्याची ‘रोझॅना’ प्रसिद्ध झाली. गोटा कालव्याच्या एका झडपेपाशी गाळ उपसताना एका तरुणीचा मृतदेह वर येतो. ती कोण, कुठली, कुणालाच ठाऊक नाही. स्टॉकहोमहून आलेला मार्टिन बेक हा पोलीस अधिकारी काही अचाट बुद्धीचा माणूस नव्हे. त्याला सर्दी होते, पोट बिघडते, बायकोशी पटत नाही. मुलीचे नाव कळायलाच महिने जातात. पत्रे पाठवायची, उत्तरांची वाट बघायची, प्रवाशांनी काढलेले फोटो गोळा करायचे, तेच तेच साक्षीदार पुन्हा तपासायचे. एवढ्या कंटाळ्यावर कादंबरी उभी करणे हे धाडसच होते. या दोघांनी दहा वर्षांत दहा कादंबऱ्या लिहिल्या आणि त्या सगळ्यांना मिळून एकच उपशीर्षक दिले, त्याचा अर्थ ‘एका गुन्ह्याची कहाणी’. दोघेही कडवे डावे. त्यांच्या लेखी तो एक गुन्हा म्हणजे स्वीडनच्या कल्याणकारी राज्याने आपल्याच माणसांशी केलेली दगाबाजी. दहावी कादंबरी आली त्याच वर्षी, 1975 मध्ये, वाहलो गेला.

पुढची सगळी उत्तरेकडची गुन्हेकथा या खांबावर उभी आहे. तिच्या लोकप्रियतेचे खापर बर्फावर आणि अंधारावर फोडण्याची पद्धत आहे, पण ती पटण्यासारखी नाही. हेनिंग मान्केलचा कुर्ट वालांडर जिथे नोकरी करतो ते इस्टाड स्वीडनच्या अगदी दक्षिण टोकाला आहे. तिथे बर्फापेक्षा चिखल, वारा आणि धुकेच जास्त. गाव लहान, सगळे एकमेकांना ओळखणारे, बंदर असल्यामुळे परक्यांची ये-जा. 1991 च्या पहिल्याच कादंबरीत शेतावर राहणाऱ्या म्हाताऱ्या जोडप्याची हत्या होते. मरताना म्हातारीच्या तोंडून ‘परदेशी’ असा एक शब्द निघतो आणि तो बाहेर फुटल्यावर निर्वासितांच्या छावण्या पेटायला लागतात. खुनी कोण हा प्रश्न राहतोच. पण एवढे सभ्य गाव चार दिवसांत असे का वागले, हा प्रश्न त्याच्या शेजारी येऊन बसतो. वालांडरचा बाप चित्रकार आहे. आयुष्यभर तो एकच निसर्गचित्र पुन्हा पुन्हा काढत आला आहे, फरक एवढाच की कधी त्यात रानकोंबडा असतो, कधी नसतो. अशा तपशिलांचा खुनाशी काडीचा संबंध नाही. तरी वाचक पुस्तक मिटल्यावर विसरत नाही तो हा बाप.

स्टीग लार्सनच्या बाबतीत तर शीर्षकातच सगळे आले. 2005 मध्ये, लेखकाच्या मृत्यूनंतर, निघालेल्या पहिल्या पुस्तकाचे स्वीडिश नाव ‘बायकांचा द्वेष करणारे पुरुष’ अशा अर्थाचे आहे. इंग्रजीत आणताना त्याचे ‘द गर्ल विथ द ड्रॅगन टॅटू’ झाले. आरोप पुसला गेला आणि पाठीवरचे गोंदण तेवढे राहिले. आइसलंडमध्ये वर्षाला खून होतात ते बोटांवर मोजण्याइतके. तिथला अर्नाल्डुर इंद्रिदासॉन ‘जार सिटी’त जुन्या बलात्काराचा धागा थेट आनुवंशिक आजाराच्या नोंदींपर्यंत नेतो. डॅनिश मालिका ‘द किलिंग’ने 2007 मध्ये एका शाळकरी मुलीच्या खुनासाठी तब्बल वीस भाग घेतले आणि त्यातले कितीतरी प्रसंग त्या मुलीच्या आईबापांच्या स्वयंपाकघरात घडवले. मयताचे घर कथेत एवढा वेळ राहू देणे ही या परंपरेची खरी कमाई.

आणि हद्द. हा शब्द महाराष्ट्रात ज्याने ठाण्याची पायरी चढली आहे त्याला समजावून सांगावा लागत नाही. स्वीडन आणि डेन्मार्क यांना जोडणाऱ्या पुलाच्या बरोबर मध्यावर एक मृतदेह सापडतो, अर्धा इकडे, अर्धा तिकडे. ‘द ब्रिज’ ही 2011 ची मालिका सुरू होते ती इथून. नळदुर्गाच्या एका अंगाला सोलापूर ग्रामीण, दुसरीकडे थोडे पुढे गेले की कर्नाटकातले आळंद. अशा मुलखात ‘आमच्या हद्दीत येत नाही’ या एका वाक्यावर कादंबरी उभी राहू शकते. अजून कुणी लिहिलेली नाही.

नॉर्वेत ईस्टरच्या सुटीत खुनाच्या गोष्टी वाचण्याची रीत आहे. 1923 मध्ये एका कादंबरीची जाहिरात वर्तमानपत्राच्या पहिल्या पानावर बातमीसारखी छापली गेली. रात्री बर्गनची आगगाडी लुटली, असे तिच्यात म्हटले होते. कित्येकांनी ते खरे मानले आणि तेव्हापासून सणाला खून चिकटला. मराठी वाचकाला याचे नवल वाटू नये. फराळाच्या ताटाशेजारी ‘धनंजय’चा दिवाळी अंक उघडा ठेवून रहस्यकथा वाचणारी घरे इथेही आहेत. सणासुदीला प्रेताची गोष्ट हवी असणे ही काही एकट्या उत्तर युरोपाची खासियत नाही.

भूक होती, आणि ती भागवणारेही कमी नव्हते. बाबूराव अर्नाळकरांनी हजाराहून अधिक रहस्यकथा लिहिल्या. गुरुनाथ नाईकांची गणतीही तशीच, हजाराच्या घरात. सुहास शिरवळकरांनी बॅरिस्टर अमर विश्वास, फिरोज इराणी, दारा बुलंद अशी माणसे तरुण पोरांच्या तोंडी बसवली. ही पुस्तके एस.टी. स्टँडवरच्या स्टॉलवर आणि भाड्याने पुस्तके देणाऱ्या लायब्ररीत फिरत, पाने सुटेपर्यंत. त्यांनी मराठी माणसाला वाचनाची सवय लावली, हे आता नाक मुरडणारेही कबूल करतात. पण अर्नाळकरांचे झुंजार आणि काळापहाड, शिरवळकरांचा अमर विश्वास यांच्यात एक गोष्ट समान आहे, यातला कुणी ठाण्यात बसत नाही. कुणी कायद्याच्या काठाने चालणारा, कुणी वकील. पोलीस आला तर तो शेवटच्या प्रकरणात, बेड्या घेऊन.

याला लेखकांचा आळस म्हणणे अन्यायाचे होईल. स्वीडिश वाचकाची तपासयंत्रणेवर श्रद्धा होती, म्हणून ती तडकल्याचा आवाज त्याला ऐकू आला. 28 फेब्रुवारी 1986 च्या रात्री पंतप्रधान ओलोफ पाल्मे सिनेमा बघून बायकोबरोबर पायी घरी निघाले असताना भर रस्त्यात मारले गेले. तो तपास चौतीस वर्षे रखडून 2020 मध्ये कुणावरही गुन्हा कायमचा सिद्ध न होताच बंद झाला, आणि एवढ्या काळात एका पिढीचा विश्वास उडाला. मराठी वाचकाची मुळात अपेक्षाच नसते. ‘तपास चालू आहे’ हे वाक्य तो विनोदासारखे ऐकतो. ज्या यंत्रणेकडून काही अपेक्षितच नाही, तिच्या अपयशाची शोकांतिका कशी लिहायची?

तरी वाट अगदीच अनोळखी नव्हती. श्रीकांत सिनकरांनी मुंबई पोलिसांचे खरे खटले घेऊन ‘सैली : 13 सप्टेंबर’सारखे लेखन केले, ज्यात अधिकारी माणसासारखे थकतात. अलीकडे ‘मानवत मर्डर्स’ या 2024 च्या मालिकेने परभणी जिल्ह्यातल्या 1972 नंतरच्या हत्याकांडाकडे पुन्हा बघितले. तिचा आधार तपास अधिकारी रमाकांत कुलकर्णी यांचे आठवणींचे इंग्रजी पुस्तक. कुलकर्णी म्हणजे मुंबईत एकामागून एक खून करणाऱ्या रामन राघवच्या तपासातले नाव. आशिष बेंडे यांनी ती दिग्दर्शित केली आणि आशुतोष गोवारीकर यांनी कुलकर्णी साकारले. मुंबईचा साहेब मराठवाड्यात येतो, दुष्काळाने गाव सुकलेले आहे, स्थानिक पोलीस त्याच्याकडे तिरक्या नजरेने बघतात आणि साक्षीदार तोंड उघडत नाहीत. उत्तरेकडे चिखल आणि धुके जे काम करतात ते इथे ऊन करते. मालिका अंधश्रद्धेच्या भडक दृश्यांकडे वळते तेव्हा सैल पडते. जीप, धूळ आणि पुन्हा पुन्हा विचारलेले तेच प्रश्न यांच्यापाशी थांबते तेव्हा मात्र श्योवाल–वाहलोंच्या शेजारी बसू शकते.

समाजाची चिरफाड मराठीत झालीच नाही असेही नाही. ती झाली दुसऱ्या खोलीत. रा. रं. बोराडे यांच्या ‘पाचोळा’त (1971) गावगुंडीने एका शिंप्याच्या घराची धूळधाण होते, आणि ती सांगते त्याची बायको. लातूर तालुक्यातल्या धनेगावचे लक्ष्मण गायकवाड ‘उचल्या’त सांगतात, की चोरी हाच धंदा म्हणून ज्यांच्या कपाळावर शिक्का मारला गेला, त्यांच्या पोरांना शाळेत जाताना काय सोसावे लागते. 1871 च्या गुन्हेगार जमाती कायद्याने हा शिक्का मारला. तो कायदा उभा राहिला त्याच्या मागे ठगांच्या बंदोबस्ताची जुनी यंत्रणा आणि तिची विचारसरणी होती. सोलापुरात तारेच्या कुंपणात कोंडलेली ‘सेटलमेंट’ 1952 मध्ये सुटेपर्यंत होती. टेलरचा अमीर अली साहेबासमोर बोलला. गायकवाड स्वतःच्या नावाने बोलले. जबानी तीच, पण दीडशे वर्षांनी लेखणी आरोपीच्या हातात आली. ‘उचल्या’ला 1988 चा साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला, आणि गुन्ह्यावरचे पुस्तक म्हणून ते कुणी वाचले नाही.

म्हणजे मराठीत एका खोलीत गुन्हा आणि गुप्तहेर, दुसऱ्या खोलीत समाज आणि सोसणारा माणूस. मध्ये भिंत. स्वीडनने ही भिंत 1965 साली पाडली. इथे दोन्हीकडे शेवटचा भरवसा कबुलीवरच आहे. रहस्यकथेत दिवाणखान्यात सगळ्यांना जमवले की गुन्हेगार स्वतःहून कबूल होतो. पुण्याच्या जोशी–अभ्यंकर हत्याकांडावर निघालेल्या, नाना पाटेकरांची भूमिका असलेल्या चित्रपटाचे नावही ‘माफीचा साक्षीदार’. गंमत अशी, की कायद्याचा कबुलीवर एवढा विश्वास नाही. पोलिसांपुढे दिलेला कबुलीजबाब आरोपीविरुद्ध पुरावा म्हणून चालत नाही, हे 1872 च्या पुरावा कायद्यातच लिहिले आहे आणि नव्या कायद्यातही ते कायम आहे. मारझोडीने काय काय वदवून घेता येते याची विलायती सरकारला पक्की माहिती होती. कोर्टाला हवा असतो पंचनामा, मुद्देमाल, न फुटणारा पंच. कादंबरीला हे सगळे रूक्ष वाटत आले.

उत्तरेकडच्या मालाचे डोळे झाकून कौतुक करण्याचेही कारण नाही. घटस्फोटित, दारू पिणारा, रात्री एकटाच ऑपेरा ऐकणारा तपासी अधिकारी आता साच्यातून पडतो. बायकांच्या बाजूने बोलणाऱ्या याच कादंबऱ्या बायकांची प्रेते किती चवीने वर्णन करतात, हा आक्षेप खोडून काढणे अवघड आहे. नळदुर्गात इब्राहिम आदिलशहाच्या काळी बोरीवर बांधलेला बंधारा आणि त्याच्या पोटातला पाणीमहाल आहे. पावसाळ्यात नर आणि मादी हे दोन्ही धबधबे कोसळत असतात, खिडकीबाहेर पाण्याचा पडदा पडतो, आणि आत उभ्या असलेल्या माणसाच्या अंगावर थेंब येत नाही. गुन्हेकथेच्या वाचकाची बैठक अशीच असते. स्टॉकहोमचा प्रलय पुण्यातल्या सोफ्यावरून बघताना ती आणखीच कोरडी राहते. आपल्याच तालुक्याचा प्रलय असेल तर ही बैठक मोडते, कदाचित म्हणूनच आपल्याकडच्या प्रकाशकाला तो नको असतो.

सामग्रीची वाण नाही. फौजदार, बीट अंमलदार, पोलीस पाटील, स्टेशन डायरी. अकस्मात मृत्यूच्या रजिस्टरात विहीर, विषारी औषध, सर्पदंश अशी एका-दोन शब्दांची कारणे. 1 जुलै 2024 पासून खुनाचे कलम 302 चे 103 झाले, तरी पारावर अजून ‘तीनशे दोन’च चालते. बीड जिल्ह्यातल्या मस्साजोगचे सरपंच संतोष देशमुख यांची 9 डिसेंबर 2024 ला हत्या झाली. पवनचक्की, खंडणी, राजकारण आणि गावचा एक भला माणूस असे सगळे धागे त्यात असल्याचे रोजच्या बातम्यांतून राज्याने वाचले. या मुलखाला पेलणारी कादंबरी लिहायची, तर ती घाईने लिहून भागणार नाही. मान्केलनेही पहिली वालांडर कादंबरी लिहिली ती निर्वासितांच्या द्वेषाविषयीचा राग डोक्यात घेऊन, एखादा खटला समोर ठेवून नव्हे.

मराठवाड्यातल्या कुठल्याही जिल्हा दैनिकात आतल्या पानावर एक छोटी चौकट येते. अनोळखी मयत, पुरुष, वय अंदाजे चाळीस, अंगात निळा शर्ट, उजव्या मनगटावर गोंदलेले नाव अर्धवट पुसलेले, ओळख पटल्यास ठाण्याशी संपर्क साधावा. ‘रोझॅना’ सुरू होते ती जवळजवळ याच मजकुरापासून. दुसऱ्या दिवशी त्या जागी बहुधा बियाण्यांची जाहिरात असते.