जूलियाचा नकार

विवाहबंधन मरणापर्यंत अतूट असते ही ख्रिस्तसभेची शिकवण विवाहपूर्व शिबिरात सांगणे सोपे, मोडलेल्या संसारापुढे सांगणे अवघड. इंग्रज कादंबरीकार एव्हलिन वॉ यांनी ‘ब्राइड्सहेड रिव्हिजिटेड’ (१९४५) या कादंबरीत हे अवघड काम अंगावर घेतले. हा प्रश्न त्यांना ऐकीव नव्हता. पहिला संसार मोडल्यावर १९३० मध्ये ते कॅथलिक झाले. तो विवाह मुळातच अवैध होता असा निर्णय १९३६ मध्ये रोमहून आल्यानंतर, १९३७ मध्ये, त्यांनी दुसरा विवाह केला.

कादंबरीतील जूलिया उमराव कॅथलिक घराण्यातली. नियोजित वर रेक्स घटस्फोटित असून त्याची पहिली पत्नी हयात आहे, हे लग्नाच्या तोंडावर कळते. तरीही ती प्रॉटेस्टंट पद्धतीने त्याच्याशी लग्न करते. तो संसार उसवतो. पुढे विवाहित चित्रकार चार्ल्सवर तिचे प्रेम जडते आणि दोघेही घटस्फोटाच्या वाटेने नव्या विवाहाची तयारी करतात.

आपल्या वाग्दत्त वधूला या घरी आणता येत नाही, कारण येथे जूलिया पापात राहते, असे तिचा थोरला भाऊ ब्राइडी सहज बोलून जातो. त्याच्या बोलण्यात सिद्धान्ताची चूक नाही. पण नियमाचा हा अचूक उच्चार वॉ यांनी मुद्दाम सर्वांत कोरड्या माणसाच्या तोंडी घातला आहे. जूलिया ढसढसा रडते, परंतु तिचा निश्चय पालटतो तो वडिलांच्या मृत्युशय्येपाशी. पत्नीला सोडून वर्षानुवर्षे परस्त्रीसोबत राहिलेला तो वृद्ध, धर्मगुरूंनी अभ्यंग केल्यावर, हात उचलून क्रुसाची खूण करतो. त्यानंतर जूलिया चार्ल्सचा निरोप घेते. बोलाने जे साधले नाही ते कृपेने साधले, हा या कादंबरीचा गाभा होय.

एका ठिकाणी मात्र लेखकाने आपली वाट सोपी करून घेतली आहे. जूलियाची मुलगी मृतच जन्मते. चार्ल्सपासून तिला अपत्य नाही. त्यामुळे नकाराची किंमत दोन प्रौढांनीच मोजायची असते. आपल्या धर्मग्रामातील प्रश्न बहुधा याच्या पुढे सुरू होतो. दुसऱ्या घरात शाळेला जाणारी दोन लेकरे असतील, तर आईने नकार कोणाला द्यावा? पोप जॉन पॉल दुसरे यांनी १९८१ च्या ‘फामिलियारिस कॉन्सॉर्सियो’ या पत्रात मुलांच्या संगोपनासाठी वेगळे होऊ न शकणाऱ्यांची दखल घेतली. अशा जोडप्यांनी संयमाने, पतिपत्नीसंबंधाविना राहावे, तरच त्यांना ख्रिस्तप्रसाद घेता येईल, असे सांगतानाच त्यांना ख्रिस्तसभेपासून तुटलेले समजू नये, असेही त्यांनी बजावले. २०१६ च्या ‘आमोरिस लेतित्सिया’मध्ये पोप फ्रान्सिस यांनी अशांच्या सोबतीने चालण्याचा आणि प्रत्येकाची परिस्थिती वेगळी पारखण्याचा आग्रह धरला. विवाह अतूट आहे, हे दोघांनीही ठामपणे सांगितले.

आपल्या कुटुंबांनी ही कादंबरी अवश्य वाचावी. जूलियाच्या त्यागापुढे नम्र व्हावे. आणि मिस्सेला शेवटच्या बाकावर बसून, ख्रिस्तप्रसादाच्या वेळी जागची न उठणाऱ्या भगिनीकडे पाहताना आपल्या ओठांवर ब्राइडीचे वाक्य तर नाही ना, हेही तपासून पाहावे.