गव्हाच्या शेतातली शंका

'हाफ-लाइफ' आणि 'पोर्टल' या व्हिडिओ गेमचं विश्व एकच, हा दुवा निर्मात्यांनीच ठेवला आहे. 'पोर्टल २'मध्ये (२०११) जुन्या मिठाच्या खाणीत, समुद्राचा मागमूस नसताना, रिकामी गोदी लागते. तिथल्या लाइफबॉयवर नाव 'बोरिअ‍ॅलिस'. हेच बेपत्ता जहाज 'हाफ-लाइफ २ : एपिसोड टू'त (२००७) उत्तर ध्रुवाकडच्या बर्फात सापडलेलं असतं.

पुढचे तर्क चाहत्यांचे. कालरेषा जुळवण्याची त्यांची खटपट मला बराच काळ कारकुनी वाटे. पण शेवटी नायिका चेल भुयारातून सुटून गव्हाच्या शेतात येते. विश्व एकच असेल, तर ही पृथ्वी 'हाफ-लाइफ २'मधल्या परग्रही कंबाइनच्या ताब्यात नाही कशावरून? मग ही सुटका कसली? खेळ उत्तर देत नाही. वर निळं आकाश, आणि पत्र्याच्या खोपटाचं दार मागे बंद झालेलं.