काटकसर आणि नकार

‘शाश्वत उपभोग’ हा शब्दप्रयोग अलीकडे परिसंवादांतून आणि सरकारी फलकांवरून सारखा कानी पडतो. माणसाने गरजा आवराव्यात, जुने वापरावे, टाकू नये, असा त्याचा सरळ अर्थ. २०२१ साली ग्लासगोच्या हवामान परिषदेत पंतप्रधानांनी ‘लाइफ’ ही कल्पना मांडली, २०२२ साली केवडियाला तिचे अभियान सुरू झाले, आणि व्यक्तीने करावयाच्या ७५ कृतींची एक यादी निघाली. कापडी पिशवी वापरा, सिग्नलला इंजिन बंद करा. यात वावगे काही नाही. पृथ्वी तापते आहे हे खरे आहे, आणि तिचा पहिला चटका उन्हात खडी फोडणाऱ्यालाच बसतो. माझा प्रश्न त्यापुढचा आहे. ही यादी ज्याला उद्देशून लिहिली आहे तो माणूस कोण? त्याच्यापाशी गाडी आहे, हे तर गृहीतच धरलेले आहे. ज्याच्या घरात टाकण्याजोगे काही साठलेच नाही, त्याच्या मनाला या विचारात जागा कोठे आहे?

आमच्या साहित्याने याचे उत्तर केव्हाच देऊन ठेवले आहे. शरणकुमार लिंबाळे यांच्या ‘अक्करमाशी’त (१९८४) शेणातले ज्वारीचे दाणे वेचून, धुऊन त्यांची भाकरी केली जाते. पुनर्वापराची याहून पुढची पायरी कोणत्या तज्ज्ञाने सांगितली आहे? शाहू पाटोळे यांनी ‘अन्न हे अपूर्णब्रह्म’ (२०१५) या पुस्तकात मराठवाड्यातील महार-मांगांच्या खाण्याची नोंद केली आहे. तेथे जनावराचे रक्त, आतडी, चरबी, काहीच वाया जात नाही. उरलेल्या मांसाच्या चान्या वाळवून ठेवल्या जातात. एखादा शहरी पर्यावरणवादी हे वाचून कौतुकाने टाळी वाजवील, अशी मला धास्ती वाटते. ऊर्मिला पवार यांच्या ‘आयदान’मध्ये (२००३) आई बांबूची सुपे-टोपल्या विणते. तशीच टोपली आज मोठ्या शहरातल्या दुकानात ‘पर्यावरणस्नेही’ अशी चिठ्ठी लावून मांडलेली मी पाहिली आहे. विणणारीच्या चिरलेल्या बोटांचा उल्लेख त्या चिठ्ठीवर नसतो.

कृती तीच आहे. पण या आत्मकथनांतली माणसे काटकसरीचे गोडवे गात नाहीत. त्यांच्या मनात भूक आहे, आणि भुकेहून मोठा अपमान आहे. मनुस्मृतीच्या दहाव्या अध्यायाने चांडाळांना प्रेतावरची वस्त्रे, फुटक्या भांड्यातले अन्न आणि लोखंडाचे दागिने नेमून दिले. ‘कमी वापरा’ ही आज्ञा आम्हाला दोन हजार वर्षांची परिचित आहे. आता तीच आज्ञा सद्गुणाचा अंगरखा घालून आली, तर तिच्याकडे संशयाने पाहण्याचा आमचा हक्क आहे.

उपभोगाच्या मानसशास्त्राची चर्चा निघाली की व्हेब्लेनचे नाव येतेच. थॉर्स्टीन व्हेब्लेन या अमेरिकन अर्थशास्त्रज्ञाने १८९९ साली ‘द थिअरी ऑफ द लेझर क्लास’ लिहिले. माणूस वस्तू घेतो ती पुष्कळदा इतरांनी पाहावी म्हणून, आणि खालचा वर्ग वरच्याचे अनुकरण करतो, असे त्याचे सांगणे. सिद्धांत चांगला आहे. पण खालच्याने अनुकरण केल्यावर वरचा काठी घेऊन येतो, हे त्यात बसत नाही. बाबासाहेबांनी ‘जातिनिर्मूलना’च्या १९३६च्या भाषणात जयपूर संस्थानातल्या चकवारा गावची हकिगत दिली आहे. एका अस्पृश्याने यात्रेहून आल्यावर जातभाईंना जेवण दिले आणि पानात तूप वाढले. सवर्णांनी शेकडोंच्या संख्येने येऊन अन्न नासवले आणि जेवणाऱ्यांना झोडपले. तूप त्याच्या पैशाचे होते. त्याच भाषणात अहमदाबाद जिल्ह्यातल्या एका गावच्या अस्पृश्य बायकांची हकिगत आहे. त्यांनी धातूच्या भांड्यांतून पाणी आणले म्हणून मार खाल्ला. फार जुने झाले म्हणावे, तर मे २०१५मध्ये शिर्डीत बाबासाहेबांच्या गाण्याच्या रिंगटोनवरून वाद होऊन एका दलित तरुणाचा खून झाला. मोबाइल हीसुद्धा उपभोग्य वस्तूच आहे. ती खिशात असावी की नाही, तिच्यातून कोणता आवाज यावा, हे ठरवणारा दुसराच कोणी असतो, ही गोष्ट बाजारशास्त्राच्या कोणत्याही आलेखात मावत नाही.

म्हणून बाबासाहेबांच्या सुटाकडे चैन म्हणून पाहणे हा निव्वळ अज्ञानाचा प्रकार आहे. डिसेंबर १९२७मध्ये महाडला मनुस्मृतीचे दहन झाले. त्याच परिषदेच्या वेळी त्यांनी स्त्रियांना लुगडे नीट, अंगभर नेसायला सांगितले, आणि गळाभर, हातभर घातलेले चांदी-कथिलाचे जड दागिने काढून टाकायलाही सांगितले. हा दुसरा भाग महत्त्वाचा आहे. येथे ‘घ्या’ आणि ‘टाका’ दोन्ही आहे. कसोटी एकच: ज्या खुणेवरून जात ओळखू येते ती खूण अंगावर राहू नये. याला मी नकार म्हणतो. काटकसर निराळी. पुढे १९४५च्या ग्रंथात त्यांनी गांधीवादी साधेपणावर टीका केली तीही याच अंगाने: यंत्राने श्रम वाचतात, श्रम वाचल्याने फुरसत मिळते, आणि फुरसतीवाचून माणसाची संस्कृती नाही.

आता कचऱ्याकडे येतो, कारण या विषयाचे खरे मर्म तेथे आहे. ओला-सुका वेगळा करा, असे वर्षानुवर्षे सांगूनही सुशिक्षित घरे ते करीत नाहीत. आळस, सवय, सोय अशी कारणे पाश्चात्त्य पुस्तके देतात. आपल्याकडे आणखी एक कारण आहे आणि त्याचे नाव विटाळ. टाकलेली वस्तू उष्टी झाली, ती परत हाताळणे हे दुसऱ्या कोणाचे तरी काम, हे घरातल्या लहान मुलालाही न शिकवता कळते. कुंडीपाशी गेल्यावर मन मोकळे होते ते यामुळेच. पुण्यात १९९३ साली कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत उभी राहिली. तिच्यातल्या बहुसंख्य कचरावेचक स्त्रिया दलित. ‘आम्ही कचरा वेगळा देतो’ असे अभिमानाने सांगणाऱ्या कित्येक घरांतून तिला पिण्याचे पाणी मागितल्यावर वेगळा पेला मिळतो. पृथ्वीविषयी जागी झालेली सदसद्विवेकबुद्धी त्या पेल्यापाशी येऊन झोपी जाते. मुंबईचे देवनार कचराक्षेत्र १९२७ साली सुरू झाले. महाडचे तळे आणि देवनारचा ढीग एका वयाचे आहेत, आणि ढिगावर कोण राहते हे पाहायला फार लांब जावे लागत नाही.

ऑक्सफॅमने २०२० साली हिशेब मांडला होता: १९९० ते २०१५ या काळातल्या कार्बन उत्सर्जनापैकी निम्म्याहून अधिक जगातल्या सर्वांत श्रीमंत १० टक्क्यांचे, आणि खालच्या ५० टक्क्यांचे अवघे ७ टक्के. उपदेशाचा पत्ता चुकला आहे, हे यावरून दिसावे.

तथापि आपल्या घरातही डोकावले पाहिजे. आमच्यातला नवा मध्यमवर्ग हप्त्यांवर गाड्या घेतो, लग्नात कर्ज काढून मंडप सजवतो. पहिल्या पिढीचा फ्रीज हे मला बंडच वाटते, आणि कोणी त्याला हसू नये. पण तिसऱ्या गाडीला ‘अस्मिता’ म्हणणाऱ्या मित्रांशी माझे जमत नाही. ‘बुद्ध आणि त्याचा धम्म’मध्ये बाबासाहेबांनी स्पष्ट केले आहे की बुद्धाने दारिद्र्याला धन्य म्हटले नाही, संपत्ती यावी, पण ती विनयाने यावी. ही मर्यादा आपल्यालाही लागू आहे.

बुद्धाच्या संघात पांसुकूल चीवर होते. स्मशानातल्या, उकिरड्यावरच्या चिंध्या जोडून केलेले वस्त्र. चांडाळावर मनूने लादले ते आणि राजघराण्यातून आलेल्या भिक्षूने स्वखुशीने पांघरले ते, कापड एकाच जागचे. विनयपिटकात सांगितले आहे की देवदत्ताने बुद्धापुढे पाच मागण्या ठेवल्या; सर्व भिक्षूंनी जन्मभर चिंध्यांचेच चीवर वापरावे, ही त्यांतली एक. ज्याची इच्छा असेल त्याने चिंध्या वापराव्यात, ज्याची इच्छा असेल त्याने गृहस्थाने दिलेले वस्त्र घ्यावे, असे बुद्धाने सांगितले आणि सक्ती नाकारली. देवदत्ताला ते रुचले नाही. पाचशे भिक्षू घेऊन तो संघातून फुटला.