सपाट पाय आणि बुटातली गादी

सैन्यभरतीचे दिवस जवळ आले की सातारा-सांगलीकडच्या मैदानांवर पहाटे धावणारी मुले वाढतात. त्यांतल्या काहींचे तळवे सपाट असतात. वैद्यकीय तपासणीत बाद होऊ या धास्तीने ती बुटात घालायची, ‘कमान तयार करणारी’ गादी विकत घेतात. हिलाच दुकानात इनसोल म्हणतात. जुन्या मराठीत सुखतळा. सुखतळ्याने सुख मिळते का, हा एक प्रश्न. कमान मिळते का, हा दुसरा. जाहिराती हे दोन्ही एकत्र कालवतात. आमचा आक्षेप नेमका यालाच आहे.

तळपायाची कमान हाडांची असते; अस्थिबंध, स्नायू आणि टाचेपासून बोटांकडे जाणारा तंतुमय पट्टा तिला ताणून धरतात. गादीचा टेकू बूट पायात असेपर्यंतच लागू पडतो. सपाट पण लवचीक पायांच्या लहान मुलांवर अमेरिकेत झालेला एक प्रयोग १९८९ मध्ये प्रसिद्ध झाला. काही मुलांना निरनिराळे खास बूट व गाद्या दिल्या, काहींना काहीच दिले नाही. तीन वर्षांनंतर सर्वच गटांतील मुलांच्या कमानी सुधारल्या होत्या! म्हणजे श्रेय वाढत्या वयाचे होते. तुलनेचा गट नसता तर ते गादीला मिळाले असते. जाहिरातीत हा तुलनेचा गटच नसतो.

आपल्या शेजारचा पुरावा तर उलट दिशेचा आहे. कर्नाटकातील राव व जोसेफ या डॉक्टरांनी १९९२ मध्ये २,३०० मुलांच्या पावलांच्या ठशांची पाहणी प्रसिद्ध केली. बूट-चपला वापरणाऱ्यांत सपाट पायांचे प्रमाण ८.६ टक्के, तर अनवाणी फिरणाऱ्यांत २.८ टक्के आढळले. पाहणीवरून कार्यकारणभाव पुरता सिद्ध होत नाही, हे खरे. आणि काट्याकुट्यांत मुलांना अनवाणी धाडा, असेही आम्ही म्हणत नाही. पण ‘आधाराशिवाय कमान घडत नाही’ हा दावा या आकड्यांपुढे टिकत नाही.

मग इनसोल निरुपयोगी आहेत का? नाही. दाब म्हणजे बल भागिले क्षेत्रफळ, हे आपण फळ्यावर लिहितोच. मऊ गादीमुळे तळव्याचा जास्त भाग टेकतो आणि एकाच जागी येणारा दाब कमी होतो. मिरजेत कुष्ठरुग्णांसाठी जुने रुग्णालय आहे. कुष्ठरोगाने किंवा मधुमेहाने पाय बधिर झालेल्यांना सूक्ष्मछिद्री रबराचा तळ असलेल्या चपला देतात, त्या याच नियमावर. त्यांनी जखमा टळतात. दिवसभर वर्गात उभे राहून टाच दुखू लागलेल्या शिक्षकांनाही गादीने काही काळ आराम पडू शकतो. मात्र ऑस्ट्रेलियात टाचदुखीच्या १३५ रुग्णांवर झालेल्या, २००६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत तीन महिन्यांनी थोडा फायदा दिसला, वर्षाअखेर तो उरला नाही. मापाने करवून घेतलेली महाग गादी तयार गादीहून सरसही ठरली नाही. चुंबकाच्या गादीचे तर विचारूच नये: २००३ च्या एका चाचणीत खरे आणि खोटे चुंबक सारखेच ठरले.

आता त्या मुलाकडे वळू. वैद्यकीय तपासणी अनवाणी होते. तेथे गादी कामाची नाही. शिवाय प्रत्येक सपाट पाय बाद होत नाही. चवड्यांवर उभे राहिल्यावर कमान दिसत असेल, पाय लवचीक आणि वेदनारहित असेल व चवड्यांवर नीट धावता येत असेल, तर सैन्यदलांच्या वैद्यकीय निकषांनुसार असा पाय चालतो. कमान तरीही दिसत नसेल, पाय ताठ असेल किंवा दुखत असेल, तर दुकानाऐवजी अस्थिरोगतज्ज्ञ गाठावा.

ही परीक्षा वर्गातच करता येईल. ओल्या पावलांचे ठसे आलेखकागदावर घ्या, चौकोन मोजा, मग मुलांना चवड्यांवर उभे करा. ‘पायात दोष आहे’ असा शिक्का घेऊन वावरणाऱ्या एखाद्या मुलाच्या मनावरचे ओझे तेवढ्यानेही उतरेल.